वीतभर वायर, बोटभर जोड

जोडणारा : काकाजी, कॉम्प्युटरचा एसएमपीएस बदला असं सांगणं सोपं आहे. माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक कोण, ते बघा. नागपूरच्या बेसात, मनीषनगरात, पिपळ्याकडच्या नव्या स्कीममध्ये लग्नाचं शूटिंग करणारी पोरं आहेत, मिहानमधल्या कंपन्यांचं काम घरून करणारे आहेत, दोन दुकानांचे हिशेब एकाच जुन्या मशीनवर ठेवणारे आहेत. एक हार्डडिस्क भरली की हे लोक दुसरी आणतात, मग तिसरी. कॅबिनेट नव्या धाटणीचं. एसएमपीएस तळाला झाकणाआड, डिस्कची जागा समोर आणि डीव्हीडी रायटर असलाच तर तो पार माथ्यावर. डिस्कला वीज देणारी साटाची वायर तिथवर पोचत नाही. पोचलीच तर दोन कनेक्टरमधलं अंतर असं की एक डिस्क जोडली तर दुसरीला ताण बसतो. बर्डीच्या बाजारातून आणलेली शंभर-दोनशे रुपयांची एक्स्टेन्शन लावली की काम भागतं. एसएमपीएस धडधाकट आहे, वॉरंटी शिल्लक आहे, साडेचारशे वॅटमधले दोनशेसुद्धा वापरात नाहीत. वीतभर वायर कमी पडली म्हणून तो ई-कचऱ्यात घालायचा आणि त्याच ताकदीचा दुसरा विकत घ्यायचा, हे मला पटत नाही.

शंकेखोर : ताकदीबद्दल मी शब्दही काढलेला नाही. वॅट पुरेसे आहेत, मान्य. मी विचारतो एवढंच, की त्या वाढवलेल्या वायरच्या टोकाला काय पोचतं ते तू कधी मोजलंस का? एसएमपीएस आपल्या तोंडाशी बारा व्होल्ट देत असेल. डिस्कच्या तोंडाशी किती मिळतात? व्होल्टेज एका मर्यादेखाली घसरलं की डिस्क आपलं हेड तबकडीवरून घाईनं मागे ओढते आणि लिहिणं अर्ध्यावर राहतं. तुझ्या गिऱ्हाईकाच्या डिस्कवर दुसऱ्या कुणाचं तरी लग्न आहे. ते पुन्हा लावता येत नाही.

जोडणारा : मोजलं आहे, आणि मोजण्याआधी हिशेबही केला आहे. अठरा गेजच्या तांब्याच्या तारेचा विरोध मीटरला साधारण २१ मिलिओहम. एक्स्टेन्शन ३० सेंटिमीटरची, म्हणजे जाणारी-येणारी धरून ६०. विरोध साडेबारा मिलिओहम झाला. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागते तेव्हा बारा व्होल्टवर सुमारे दोन अँपिअर ओढते, तेव्हा या वायरीत घट किती? २५ मिलिव्होल्ट. एसएमपीएसच्या एटीएक्स प्रमाणात बारा व्होल्टला पाच टक्के सूट आहे, म्हणजे ६०० मिलिव्होल्ट. सहाशेतले पंचवीस, काकाजी! अडीच इंची एसएसडी पाच व्होल्टवर चालते. तिथे सूट २५० ची, ओढ एखाद्या अँपिअरची आणि घट बारा-तेरा मिलिव्होल्टची. लांबीनं डिस्क मरते ही समजूत मी रोज ऐकतो. आकडा मांडला की ती उरत नाही.

शंकेखोर : मी सोडली ती समजूत. आता तूही लांबीचा विषय सोड, कारण तुझं सगळं गणित तांब्याचं आहे आणि त्यात जोड कुठेच नाही. कूलरला पाणी देणारा पाइप मधेच गळत नाही, जोडापाशी गळतो. एक्स्टेन्शन लावलीस म्हणजे तू फक्त वायर वाढवली नाहीस, एक नवा जोड घातलास. साटाच्या पॉवर कनेक्टरला १५ पिना. त्यातल्या तीन बारा व्होल्टच्या, तीन पाचच्या, तीन ३.३ च्या, उरलेल्या बहुतेक जमिनीच्या. एका पिनेला दीड अँपिअर, म्हणून बारा व्होल्टला मिळून साडेचार. तिन्ही पिना नीट बसल्या तर तुझे दोन अँपिअर त्या सहज वाटून घेतात. दोन सैल असल्या तर सगळा भार एकीवर. त्या एकीवर मळ चढून स्पर्शाचा विरोध अर्ध्या ओहमवर गेला, तर टाचणीच्या टोकाएवढ्या जागेत दोन वॅट उष्णता तयार होते आणि डिस्कच्या वाट्याचा एक पूर्ण व्होल्ट तिथेच खाल्ला जातो. कोराडीच्या वीजकेंद्रात नोकरी केलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. यार्डात थर्मल कॅमेरा फिरवतात तेव्हा तो तारेवर कमी आणि क्लॅम्पवर जास्त रोखतात. शिवाय तू मोजतोस ते नवी केबल लावल्या दिवशी. साटाचे हे आतले कनेक्टर साधारण ५० वेळा काढ-घाल करण्याच्या हिशेबानं बनवलेले असतात. दुकानाच्या टेबलावर सतत चाचणीला वापरलेली केबल तू मग कुणाच्या तरी मशीनमध्ये घालत असशील, तर तिचं निम्मं आयुष्य तिथेच गेलेलं असतं.

जोडणारा : टेबलावरची केबल गिऱ्हाईकाला देत नाही, तेवढं इमान आहे. पण जोड म्हणजेच धोका असं धरलं तर कॉम्प्युटर चालवूच नये. मदरबोर्डला चोवीस पिनांचा जोड, प्रोसेसरला आठ पिनांचा, डिस्कला तर जोड हवाच. कंपनीच्या मूळ केबलवरसुद्धा एकाच वायरवर साटाची तीन-चार तोंडं ओळीनं टाकलेली असतात. एकानं काय बिघडतं, हे तो एक कसा आहे यावर आहे. बाजारात दोन जाती मिळतात. एकात तारा खाचेत दाबून बसवतात आणि मागून झाकण लावतात. झाकण उघडलं की प्रत्येक तार कुठे बसली ते डोळ्यांनी दिसतं. दुसरी ओतीव, दुकानात तिला मोल्डेड म्हणतात. पिनांना तारा जोडायच्या आणि सगळ्यावर गरम प्लास्टिक ओतायचं. ओतताना तार सरकली, दोन तारांच्या मधलं प्लास्टिक पातळ राहिलं किंवा आत पोकळी राहिली, तर बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही. जुन्या धाटणीच्या मोलेक्स प्लगमधून साटा काढणाऱ्या स्वस्त ओतीव जोडण्या जळल्याचे फोटो जगभरच्या मेकॅनिकांनी पाहिले आहेत. मी त्या ठेवतच नाही.

शंकेखोर : तू ठेवत नाहीस, बर्डीवर टोपल्यांनी मिळतात. आणि त्या जळतात कशा, हे गिऱ्हाईकाला एकदा तरी समजावून सांग. त्याला वाटतं शॉर्ट झालं की एसएमपीएस आपोआप बंद पडेल. पूर्ण शॉर्ट झालं तर पडेलही. पण ओतीव कनेक्टरच्या आत बारा व्होल्ट आणि जमीन यांच्यामधलं प्लास्टिक हळूहळू भाजतं, काळं पडतं, आणि असं कोळसा झालेलं प्लास्टिक थोडी थोडी वीज वाहू लागतं. समज पाच अँपिअर वाहिले. बारा गुणिले पाच, साठ वॅट, बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यात. एसएमपीएसला काय दिसतं? आणखी दोन-अडीच डिस्क लावल्यासारखा भार. बारा व्होल्टच्या लाइनवर तीस-चाळीस अँपिअर द्यायला तो बसलेला आहे, पाचावर तो का अडेल? भिंतीवरच्या एमसीबीला तर साठ वॅट म्हणजे जुना पिवळा बल्ब. ही अशी आग आहे की जिच्यावर घरातल्या कुठल्याच यंत्राचं लक्ष नाही.

जोडणारा : म्हणूनच ओतीव नको, हे ठरलं. पण तुमच्या 'जोडच नको'चा परिणाम काय होतो तोही बघा. माणूस एक्स्टेन्शनला घाबरतो आणि घरात पडलेल्या जुन्या एसएमपीएसची सुटी केबल काढून नव्यात खुपसतो. मॉड्युलर एसएमपीएस आले तेव्हापासून हे सुरू झालं. डिस्ककडचं टोक सगळ्यांचं सारखं, प्रमाणित. एसएमपीएसकडचं मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीचं. एका कंपनीनं ज्या पिनेवर पाच व्होल्ट ठेवले तिथे दुसरीनं बारा ठेवलेले असू शकतात. कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असतो. प्लग मात्र बरोबर बसतो! बटण दाबलं की डिस्कच्या पाच व्होल्टच्या पोटात बारा जातात आणि ती गेली. एक नाही, त्या वायरवरच्या सगळ्या. बॅकअपची डिस्क त्याच वायरवर असेल तर तीही. एक्स्टेन्शनमध्ये हे होऊच शकत नाही. दोन्ही टोकं साटाची, प्रमाणित, एल आकाराच्या खाचेमुळे उलटी न बसणारी. ज्या केबलला तुम्ही नाकं मुरडता, तीच या चुकीपासून वाचवते.

(इथे लेखकाला मध्ये तोंड घालणं भाग आहे. पूर्वी पिवळी वायर बारा व्होल्टची, लाल पाचची, नारिंगी ३.३ ची, काळी जमिनीची, हे शाळकरी पोरालाही कळायचं. आता दिसायला छान म्हणून केबलच्या सगळ्या तारा काळ्या करतात. काचेच्या कॅबिनेटमधून दिसणाऱ्या देखणेपणासाठी ओळखीची एकमेव खूण पुसून टाकणं हा मूर्खपणा आहे, आणि तो फुकटही नाही, त्याचे जास्त पैसे घेतात.)

शंकेखोर : सुटी केबल खुपसणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. तुझा मुद्दा बरोबर आहे, आणि मी तो धरला नव्हता. पण प्रमाणित म्हणतोस तर प्रमाणात काय लिहिलं आहे तेही पूर्ण वाच. दीड अँपिअर प्रत्येक पिनेला, पण कसे? सगळ्या पिनांतून तेवढा प्रवाह गेला तर कनेक्टर भोवतालच्या हवेपेक्षा ३० अंशांपेक्षा जास्त तापू नये. आणि ही परीक्षा होते २५ अंशांच्या खोलीत. पंचवीस अंश! बेसात मे महिन्यात पंचवीस अंश कुठल्या खोलीत असतात? मे २०१३ मध्ये नागपूरचा पारा ४७.९ पर्यंत गेला होता.

जोडणारा : बरं झालं ५६ नाही म्हणालात. ३० मे २०२४ ला इथल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ दाखवले होते, आणि मग तो सेन्सरच बिघडल्याचं हवामान खात्यानं सांगितलं.

शंकेखोर : खरे आकडेच मला पुरतात. बाहेर ४५ असताना खोलीत ३८-४० धर, बंद कॅबिनेटच्या आत आणखी पाच. ४५ झाले. त्यावर जोडाचे ३० चढव, पंचाहत्तर. या तारांवरचं साधं पीव्हीसी बहुतेक ८० अंशांपर्यंतचं असतं. परीक्षेच्या खोलीत २५ अंशांचा पल्ला शिल्लक राहतो, तुझ्या गिऱ्हाईकाच्या खोलीत पाच. त्यात कूलर. विदर्भात चार महिने ज्या खोलीत माणूस बसतो त्याच खोलीत कूलर असतो, आणि कॉम्प्युटरही तिथेच. ओली हवा, तिच्याबरोबर धूळ, कॅबिनेटचा पंखा दोन्ही आत ओढतो. टिनचा मुलामा दिलेल्या पिना, रोज तापतात आणि निवतात, केसाएवढ्या हलतात, प्रत्येक हालचालीला थोडा मुलामा घासला जाऊन त्यावर गंजाची पूड बसते. पुण्यात दहा वर्षं टिकलेला जोड इथे किती टिकेल, हे कुठल्या प्रमाणात लिहिलेलं नाही.

जोडणारा : काकाजी, तुमची बेरीज बरोबर आहे, पण ३० अंश तुम्ही फुकट चढवलेत. ते साडेचार अँपिअर सतत वाहिले तर. फिरती डिस्क एकदा वेगात आली की बारा व्होल्टवर ओढते अर्धा अँपिअर, कधी त्याहून कमी. साडेचाराचा नववा भाग. आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गानं चालते, हे तुम्हीच मला शिकवलंत. नवव्या भागाचा वर्ग म्हणजे एक्क्याऐंशीवा भाग. तीस अंशांचा एक्क्याऐंशीवा भाग काढा. अर्धा अंशही होत नाही! सुरुवातीचे दोन अँपिअर दहा सेकंदांचे, तेवढ्यात प्लास्टिक तापतच नाही. चांगल्या जोडावर एक डिस्क असेल तर बेसाचा मे आणि कुलूचा डिसेंबर त्या जोडाला सारखेच. कूलरच्या हवेचं मात्र मी मान्य करतो. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या मशीनमध्ये पिना मळलेल्या असतात, आणि माझा एक्क्याऐंशीवा भाग हा स्वच्छ पिनेचा आहे.

अजून एक, कारण तुम्ही जोडणीला फक्त रोग समजता आणि कधी ती औषधही असते. २०१६ च्या साटा ३.३ प्रमाणात तिसऱ्या पिनेला नवं काम दिलं. तिथे ३.३ व्होल्ट दिसले की डिस्कनं बंद राहायचं. हे सर्व्हरसाठी, लांबून डिस्क बंद-चालू करता यावी म्हणून. पण जुने एसएमपीएस त्या पिनेवर कायम ३.३ देतात. कुणी यूएसबीची मोठी डिस्क फोडून आतली डिस्क कॅबिनेटमध्ये लावतो आणि ती फिरतच नाही. डिस्क गेली म्हणून रडत येतो. मी मोलेक्समधून साटा काढणारी जोडणी लावतो, दाबून बसवलेली, ओतीव नव्हे. मोलेक्सला ३.३ ची तारच नसते, डिस्क लगेच जागी होते. इथे एसएमपीएस बदलून काय मिळवाल?

शंकेखोर : काही नाही. लाव ती जोडणी. मात्र मोलेक्सचा प्लग जुना, सैल झालेला असला तर जोर करून उलटाही बसतो, आणि मग बारा-पाचची अदलाबदल होते, हे ध्यानात ठेव. एका डिस्कचा तुझा हिशेबही मला मान्य आहे. पण तू एका डिस्कवर थांबत नाहीस. एक्स्टेन्शन आणि स्प्लिटर तुझ्या दुकानात एकाच खिळ्याला लटकलेले असतात. एका साटातून चार साटा काढणारी ती शेपटी घे. चार डिस्क एकदम फिरायला लागल्या, आठ अँपिअर. उगमाच्या तोंडाला परवानगी साडेचारची. आता वर्ग कर. दुपटीच्या जवळ प्रवाह, तिपटीच्या वर उष्णता. दहा सेकंद म्हणशील. पण दिवसातून किती वेळा? मृगाच्या आधी वादळ सुटलं की एका संध्याकाळी वीज तीनदा जाते-येते. ज्याच्याकडे यूपीएस नाही त्याच्या चारही डिस्क तीनदा एकदम उठतात. मोठ्या सर्व्हरमध्ये डिस्क एकामागून एक उठवायची सोय असते, साटाच्या अकराव्या पिनेचा एक उपयोग त्यासाठीच आहे. घरच्या मशीनमध्ये ते कोण बघतं?

जोडणारा : चार डिस्क साटामधून मी काढत नाही. मोलेक्समधून काढतो, तिची पिन ११ अँपिअरपर्यंतची धरतात, आठ तिला जड नाहीत. अडचण अशी की नव्या एसएमपीएसला मोलेक्सचं एखादंच शेपूट असतं, कधी तेही पंख्यांनी अडवलेलं. तिथे मी गिऱ्हाईकाला सांगतो की दुसरी वायर ज्यात आहे असा एसएमपीएस घे. ऐकतात काही. आणि जोड लावून मी विसरत नाही. अर्धा तास मोठी फाइल कॉपी करायला लावतो, मशीन बंद करून लगेच कनेक्टरला बोट लावतो. डिस्क गरम असते, जोड गरम नसावा. डिस्क स्वतःची नोंदवही ठेवते, ती उघडून १९२ क्रमांकाचा आकडा लिहून घेतो. वीज अचानक तुटून हेड किती वेळा मागे ओढलं गेलं, ते तिथे कळतं. मशीन नीट बंद केलेलं असूनही तो वाढत गेला तर पॉवरचा जोड सैल आहे. १९९ वाढला तर दोष डेटा केबलचा, पॉवरचा नाही. या दोन आकड्यांनी कितीतरी डिस्क मी कचऱ्यातून वाचवल्या. लोक डिस्क बदलतात आणि सैल वायर तशीच नव्या डिस्कला लावतात.

शंकेखोर : तू बघतोस, कारण तुला येतं. तू लावलेला जोड पुढच्या मे महिन्यात कोण बघणार? गिऱ्हाईक कॅबिनेट उघडत नाही. उघडलंच तर डस्टर मारून बंद करतं. यार्डातल्या क्लॅम्पला तपासणीची तारीख असते, रजिस्टर असतं, सही असते. तुझ्या जोडाला काय आहे? बिलावर 'केबल, एक नग' लिहिलेलं असतं. एसएमपीएस बदला असा माझा हट्ट आहे, तो तांब्यासाठी नाही. न बघितल्या जाणाऱ्या जागी एक जोड कमी असावा, एवढ्यासाठी आहे.

जोडणारा : आणि माझा हट्ट असा, की पाच-सहा हजार वाचवायला माणूस काय करतो ते मी पाहिलं आहे. मी जोड नाकारला तर तो एसएमपीएस घेत नाही. बर्डीवर जातो आणि टोपलीतली ओतीव घेऊन स्वतः लावतो. तुमच्या नियमानं माझ्या दुकानातला जोड कमी होतो, बेसातला नाही. बिलावर मी पुढच्या वेळेपासून लिहीन, कुठल्या वायरवर किती डिस्क आहेत आणि कधी उघडून बघायचं ते. कितीजण परत येतील, ते सांगता येत नाही.

शंकेखोर : लिही. मग माझंही ऐक. साटामधून काढलेल्या, दाबून बसवलेल्या जोडावर एक डिस्क, हरकत नाही. दोनही चालतील. चार अँपिअर साडेचाराच्या आत आहेत. चारला मी नाहीच म्हणणार. तीनचं मात्र मला ठरवता येत नाही. उठताना सहा अँपिअर, म्हणजे प्रमाण मोडलं. दहा सेकंदांनंतर दीड अँपिअर, म्हणजे तुझ्या वर्गाच्या हिशेबानं काहीच नाही. स्वच्छ पिन असेल तर चालेल, मळलेली असेल तर नाही, आणि पिन कशी आहे ते बंद कॅबिनेटच्या बाहेरून दिसत नाही.

जोडणारा : काकाजी, माझ्याकडे सगळ्यांत जास्त माणसं येतात ती तिसरी डिस्क घेऊनच.